‘रन’ म्हणजे नुसते धावणे नव्हे

गैरसमज : इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाला आहेत.

वस्तुस्थिती : एके काळी हे खरे होते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि २०११ मध्ये ‘रन’ ६४५ अर्थांवर पोचला. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदासाठी सुमारे नऊ महिने खर्ची घातले.

गैरसमज : ‘रन’चा खरा अर्थ पायांनी धावणे, बाकीचे मागाहून चिकटवलेले.

वस्तुस्थिती : जुन्या इंग्रजीतही पाणी ‘रन’ होत असे, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणूनच सर्दीत नाक ‘रन’ होते, धुण्यात कपड्याचा रंग ‘रन’ होतो. सलग चालत राहणे, हा यातल्या कितीतरी अर्थांना जोडणारा धागा मला दिसतो. यंत्र, रेल्वेगाडी, दुकान, संगणकावरचा प्रोग्रॅम, नाटकाचे लागोपाठ प्रयोग, सगळे त्यात ओवले गेले. बँकेवर ‘रन’ आला म्हणजे ठेवीदार पैसे काढायला एकदम लोटले. क्रिकेटमध्ये तर चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार ‘रन’ मिळवतो.

गैरसमज : इंग्रजी बोलणारे सगळे हा शब्द सारखाच वापरतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’.

गैरसमज : हे सगळे अर्थ पाठ केल्याशिवाय इंग्रजी येणार नाही.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक, कारण त्यापायी हुशार मुलेही इंग्रजीला बिचकतात. इतके अर्थ कुणा इंग्रजालाही सांगता येणार नाहीत. बारीक छटा वेगळ्या करणे हे कोशकाराचे काम. आपले ‘लागणे’ पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आमटी तिखट लागते, घाटात गाडी लागते, बाळ रडू लागते. यांची यादी कुणी घोकली होती? शेजारचा शब्द अर्थ सांगतो. ‘रन’चेही तसेच : ‘आउट’ जोडला की साखर संपते, ‘इंटू’ जोडला की जुना मित्र अचानक भेटतो.

इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणून कळकळीची विनंती : मुलांना अर्थांच्या याद्या देऊ नका, वाक्ये द्या.