बिऱ्हाड हलविण्याचें भाडें

नागपुराहून पुण्यास बिऱ्हाड न्यावयाचें ठरलें, म्हणजे गृहस्थ प्रथम अंतर मोजतो. परंतु दोन वाहतूक-कंपन्यांचे आंकडे हातीं आले, कीं तो गोंधळतो. वाट एकच, मग रकमांत एवढी तफावत कां?

नागपुरास आगगाडी आली ती 1867 मध्यें. रेल्वेच्या मालगाडीचें भाडें मुख्यतः वजन, अंतर व मालाचा वर्ग यांवरून ठरत आलें आहे. घरसामानाची गोष्ट वेगळी. तेथें मालमोटारींतील जागा आधीं भरते, वजन मागाहून. सहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असें कपाट 27 घनफूट जागा अडवितें. मग तें आंतून रिकामें कां असेना! म्हणूनच कंपनीचा मनुष्य आधीं घर पाहून जातो. जागेवरून मोटारीचा आकार ठरतो; त्यावर अंतर, पथकर, बांधणी, हमाली व चढावयाचे मजले यांचा खर्च चढतो. मोटार रिकामी परतणार असेल, तर तोही भार भाड्यांतच येतो. इतरांच्या सामानासोबत पाठविल्यास पैसे वांचतात, पण दिवस अधिक लागतात.

भाडें म्हणजे सामानाची हमी मात्र नव्हे. 2007 च्या रस्ते-वाहतूक कायद्यानुसार अधिक जोखमीचा दर लेखी ठरविला नसेल, तर कंपनीच्या भरपाईस मर्यादा पडते. 2011 च्या नियमांनीं ती भाड्याच्या दसपटीवर बांधली आहे. आयुष्यभराचा संसार याहून मोलाचा असतो. तेव्हां सामानाची यादी व किंमत लिहून द्यावी, विम्याचें विचारून घ्यावें, आणि मगच स्वस्त कोण तें ठरवावें.