गोठ्यातली राजदूत : किक मारण्याआधी

म्हसावद म्हटले की पुष्कळांना जळगाव जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन आठवते. आपण बोलतो आहोत ते शहादा तालुक्यातले, तोरणमाळच्या रस्त्यावरचे म्हसावद. अशा गावात अजूनही एखाद्या घरी, चाऱ्याच्या आड, गोणपाट टाकलेली राजदूत उभी असते. वडिलांनी पै-पै जमवून घेतलेली. वडील गेले, मुलगा सुरतेला कामाला लागला, गाडी तिथेच राहिली. भंगारवाला दारात येतो आणि आई म्हणते, नको.

ही १७५ सीसीची गाडी फरिदाबादची एस्कॉर्ट्स कंपनी बनवीत असे. मूळ घडण पोलंडच्या एसएचएल गाडीची. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात छोट्या बांध्याची राजदूत झळकली. पण खेड्यात नाव झाले ते मोठीचे. दुधाच्या कॅना लावा, खताची गोणी टाका, ती तक्रार करीत नसे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ती थोड्या पेट्रोलवर लांब जाई, म्हणून राजदूत हळूहळू मागे पडली.

मुलगा सुट्टीवर येतो, गोणपाट काढतो आणि पहिले काम करतो ते किक मारण्याचे. हीच घाई नडते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडे पडतात आणि शेकड्यांतले काम हजारांत जाते. आधी प्लग काढावा, भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर थांबावे. सकाळी गाडी गियरमध्ये घालून मागचे चाक हाताने सावकाश पुढे-मागे करावे. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र.

जुने पेट्रोल उडून गेलेले असते; मागे डिंकासारखा थर राहतो आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. ती तारेने कोरू नयेत, फुंकून साफ करावीत. टाकीतला गंज काढायला मूठभर नट आणि रॉकेल घालून टाकी खळखळवतात. हे काम अंगणात, चुलीपासून दूर करावे. बिडी ओढणाऱ्याला जवळ बसू देऊ नये. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने घर केले आहे का तेही पाहावे. प्लॅटिनम पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले की बहुधा ठिणगी येते.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० ते ५० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळायला विसरू नये. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर खाते. नळी आणि वॉशर नवेच घालावेत. टायरला चिरा असतील तर दया दाखवू नये. ब्रेकचे लायनरही तसेच.

पण हा सगळा खर्च करण्याआधी आरसी बुक शोधा. चॅसिस नंबर गंजाखाली वाचता येतो का ते बघा. तो जुळला नाही तर चालू इंजिनाचाही उपयोग नाही. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि ३ महिन्यांत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. उशीर झाला असेल तर दंड विचारून घ्यावा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीचे हे शुल्क ३०० वरून १००० रुपये झाले. गाडी २० वर्षांपलीकडची असेल तर २०२५ पासून त्याहून जास्त. पर्यावरण कर वेगळा. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून जुन्या पाटीवर धुळ्याचा नंबर असेल. त्याने बिघडत नाही. विमा मात्र हवाच. विम्याशिवाय अपघात झाला तर भरपाई घरावर येते, आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला ती पेलत नाही.

पहिली फेरी गावातल्या गावात, तीन-चार किलोमीटरची. परत आल्यावर प्लग काढून पाहावा. काळा, तेलकट असेल तर तेल जास्त पडते आहे. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पोचते आणि इंजिन तापते. अशी गाडी शहाद्याला नेऊ नये. तपकिरी असेल तर आईला मागे बसवायला हरकत नाही.