कागदपत्रांचीही काळजी घेऊ या

घरात कुणी आजारी पडलं की आपण रिपोर्टांची फाइल जपतो. पण कर्ता माणूस अचानक गेला, तर पासबुक कुठे, विम्याचा कागद कुठे, हेच घरच्यांना ठाऊक नसतं. दुःखातच बायकोला बँकेच्या चकरा माराव्या लागतात. म्हणून तब्येत धडधाकट असतानाच तीन कामं उरकू या.

एक : पासबुक, विमा, पीएफ, घराचे कागद, वीजबिल एका पिशवीत ठेवा. जागा घरच्यांना सांगा.

दोन : प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा. मात्र नॉमिनीच्या हाती पैसे आले म्हणून तो मालक होत नाही. वारसांचा हक्क राहतोच.

तीन : मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार करू नये. माणूस वयस्कर वा आजारी असेल, तर शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू होतो. पुरुषाच्या स्वकमाईत पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, लग्न झालेल्या मुलीलाही. हिंदू कोड बिल रखडलं, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. बहिणीकडून हक्कसोडपत्र मागण्याआधी आपण एवढं आठवू या.