जेराल्ड वायली नावाचा रॉनी बार्कर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचा विचार करताना रॉनी बार्कर या नटाला वगळून पुढे जाता येत नाही. परंतु त्याच्या कारकिर्दीचा जो भाग अभ्यासकाला अधिक गुंतवून ठेवतो, तो त्याच्या स्वतःच्या नावाने घडलेलाच नाही. जेराल्ड वायली, जोनाथन कॉबोल्ड, बॉब फेरिस अशी निरनिराळी नावे घेऊन त्याने लेखन केले, आणि देशभर ज्याचा चेहरा ओळखला जात होता अशा या माणसाने आपली लेखणी मात्र शक्य तितकी झाकून ठेवली. ही केवळ गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. नट म्हणून तो जे करत होता त्याचेच ते दुसरे रूप होते.

बार्करचा जन्म २५ सप्टेंबर १९२९ रोजी बेडफर्ड येथे झाला आणि त्याचे बालपण ऑक्सफर्डमध्ये गेले. वास्तुशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून आणि काही काळ बँकेत कारकुनी करून १९४८ साली तो एल्सबरी येथील एका रेपर्टरी कंपनीत दाखल झाला. रेपर्टरी म्हणजे एकाच गावात मुक्काम ठोकून, रात्री चालू आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, अशा रहाटगाडग्यावर चालणारी नाटकमंडळी. या पद्धतीत नटाला ‘आपली भूमिका’ असे काही उरत नाही. या आठवड्यात नोकर, पुढच्यात सरदार, त्याच्या पुढच्यात खुनी, असे वेश आणि आवाज बदलत राहावे लागते. बार्करची सारी विद्या इथली आहे. पुढे ऑक्सफर्ड प्लेहाउसमध्ये काम करताना पीटर हॉल या दिग्दर्शकाची नजर त्याच्यावर गेली आणि १९५५च्या सुमारास तो लंडनच्या रंगभूमीवर आला. १९५९ पासून बीबीसी रेडिओवरील ‘द नेव्ही लार्क’ या मालिकेने त्याचा आवाज घरोघर पोहोचवला.

दूरचित्रवाणीवर त्याचे बस्तान बसले ते १९६६ सालच्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’मुळे. डेव्हिड फ्रॉस्टच्या या उपरोधिक कार्यक्रमात जॉन क्लीझ, बार्कर आणि रॉनी कॉर्बेट हे तिघे उंचीच्या उतरत्या क्रमाने उभे राहून अनुक्रमे उच्च, मध्यम आणि कनिष्ठ वर्गाचे प्रतिनिधी म्हणून बोलतात, हे मार्टी फेल्डमन आणि जॉन लॉ यांनी लिहिलेले स्केच आजही ब्रिटिश वर्गव्यवस्थेवरचे नेमके भाष्य म्हणून दाखवले जाते. (स्केच म्हणजे काही मिनिटांत संपणारे, एकाच कल्पनेवर उभे असलेले छोटे प्रहसन.) बार्कर त्यात मधला आहे: वर पाहून लवणारा आणि खाली पाहून ताठणारा.

याच गोतावळ्यातून १९६८ साली ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि जेराल्ड वायली नावाच्या, कोणीही न पाहिलेल्या लेखकाची स्केचेस बार्करच्या एजंटामार्फत निर्मात्यांकडे येऊ लागली. आपल्या नावाने लिहिले तर मुख्य नटाला दुखवू नये म्हणून सुमार लेखनही स्वीकारले जाईल, ही बार्करची भीती रास्त होती. टोपणनावामुळे संहिता केवळ तिच्या गुणांवर तोलली जाणार होती. वायलीचे लेखन पसंत पडले आणि तो कोण याविषयी तर्क सुरू झाले, ज्यांत टॉम स्टॉपर्ड या नाटककाराचेही नाव घेतले जाई. कॉर्बेटला एक स्केच इतके आवडले की त्याने त्याचे हक्क विकत घेण्याची तयारी दाखवली; एजंटाने ३,००० पौंड मागितले, तेव्हा ही रक्कम भलतीच असल्याचे बार्करनेच कॉर्बेटला बजावले आणि शेवटी वायलीने ते हक्क फुकट देऊन टाकले. अखेर एका चिनी उपाहारगृहात मंडळी जेवायला जमली असताना वायली येणार म्हणून सारे दाराकडे डोळे लावून बसले आणि उठून उभा राहिला तो बार्कर. गुपित फुटल्यावरही श्रेयनामावलीत त्याने हेच नाव चालू ठेवले. ते नुसते चाचणीपुरते घेतलेले नव्हते, हे इथे उघड होते.

एका पुरस्कार समारंभात तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रम खोळंबला असता बार्कर आणि कॉर्बेट यांनी ऐनवेळी प्रेक्षकांना रमवले, हे बीबीसीच्या बिल कॉटन यांनी पाहिले आणि त्यातून १९७१ साली ‘द टू रॉनीज’ आकाराला आला. १९८७ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमाला ऐन भरात दीड कोटीहून अधिक प्रेक्षक असत. खोट्या बातम्यांनी सुरुवात आणि खोट्या बातम्यांनीच निरोप, हा त्याचा साचा ठरलेला होता. मात्र त्यात एक सूचक असमानता होती. कॉर्बेट मोठ्या खुर्चीत बसून स्वतः म्हणूनच प्रेक्षकांशी गप्पा मारी, तर बार्करचे एकट्याचे भाषण नेहमी कोणा मंत्र्याचे, डॉक्टरचे किंवा संस्थेच्या प्रवक्त्याचे असे. स्वतः म्हणून प्रेक्षकांसमोर उभे राहणे त्याला जमत नसे.

या भाषणांत बार्कर भाषेलाच पात्र बनवतो. शब्दांची आद्याक्षरे परस्परांत अदलाबदल होऊन भलताच अर्थ निघणे याला इंग्रजीत ऑक्सफर्डच्या रेव्हरंड स्पूनर यांच्या नावावरून ‘स्पूनरिझम’ म्हणतात. असले दोष भाषणभर न अडखळता, जणू काही घडतच नाही अशा गंभीर चेहऱ्याने उच्चारणे ही बार्करची खासियत. १९७६ सालचे ‘फोर कँडल्स’ हे वायलीचे स्केचही भाषेलाच पात्र बनवणारे आहे. हार्डवेअरच्या दुकानात कॉर्बेट गिऱ्हाइकाला चार मेणबत्त्या काढून देतो, पण गिऱ्हाईक झालेल्या बार्करला हवे असतात बागकामाच्या काट्याचे दांडे, म्हणजे ‘फोर्क हँडल्स’. त्याच्या बोलीत ‘ह’ गळतो आणि दोन्ही मागण्या कानाला एकच वाटतात. पुढे नुसत्या ‘ओज’ या उच्चारावर दुकानदार कुदळ, पाण्याची नळी, बायकांचे लांब मोजे असा भटकत शेवटी फाटकावर लावायच्या ‘ओ’ या अक्षरापर्यंत पोहोचतो. मराठीत ही कोटी उतरत नाही, आणि उतरवण्याचा हट्टही धरू नये. शेवट त्या मानाने लंगडा आहे. परंतु दुकानदाराचा वाढत जाणारा वैताग आणि गिऱ्हाइकाचे निर्विकार निरागसपण यांचा तोल इतका अचूक आहे की तिकडे लक्षच जात नाही. या स्केचची हस्तलिखित संहिता २००७ साली लिलावात ४८,५०० पौंडांना विकली गेली.

लेखक असूनही बार्करची सर्वांत मोठी भूमिका दुसऱ्यांनी लिहिलेली आहे. १९७३ साली ‘सेव्हन ऑफ वन’ या नावाखाली त्याच्यासाठी सात स्वतंत्र विनोदी नाटिका सादर झाल्या आणि त्यांतल्या दोहोंच्या पुढे त्यालाच घेऊन मालिका झाल्या. पहिली, डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांची ‘पॉरिज’ (१९७४–७७). पॉरिज म्हणजे ओटची पेज. ती तुरुंगातल्या न्याहारीला मिळते म्हणून ‘पॉरिज करणे’ म्हणजे बोलीत शिक्षा भोगणे. नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर हा सराईत गुन्हेगार इथे पळून जाण्याची स्वप्ने पाहत नाही. एखादा जादा डबा, उबदार काम, तुरुंगाधिकारी मकाय याच्यावर केलेली एखादी बारीकशी मात, एवढ्यावर त्याचा दिवस भागतो. शिव्यांना मज्जाव असल्याने लेखकांनी ‘नॅफ’सारखे शब्द पात्रांच्या तोंडी घातले आणि ते सर्वत्र रुळले. कोठडीतला तरुण साथीदार गॉडबर झालेल्या रिचर्ड बेकिन्सेलबरोबरच्या प्रसंगांत बार्कर वेश आणि नकला बाजूला ठेवून नुसता ऐकत बसतो. त्याच्या अभिनयाचा कस पाहायचा तर तो इथे. बेकिन्सेल १९७९ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला.

दुसरी मालिका रॉय क्लार्क यांची ‘ओपन ऑल अवर्स’: तोतरा, कंजूष वाणी आर्कराइट, त्याचा राबराब राबणारा भाचा ग्रॅनव्हिल (डेव्हिड जेसन) आणि बोटे चिरडू पाहणारा गल्ला. तोतरेपणातून साधलेली हशाची वेळ कौशल्याची आहे, तरी व्यंगावर उभा असलेला हा विनोद आज निर्मळ मनाने पाहता येत नाही. समुद्रकाठच्या चावट चित्रपोस्टकार्डांचा बार्कर हौशी संग्राहक होता आणि त्यांतला द्व्यर्थी, बाईला वस्तू करणारा विनोद ‘द टू रॉनीज’मध्येही भरपूर आहे. ‘नॉट द नाइन ओक्लॉक न्यूज’ या कार्यक्रमातील तरुण मंडळींनी त्याचे विडंबन केले, तेव्हा बार्कर दुखावला. पण टीकेत तथ्य होते.

१९८८ साली, साठी गाठण्यापूर्वीच, त्याने निवृत्ती घेतली आणि ऑक्सफर्डशरमधील चिपिंग नॉर्टन येथे जुन्या वस्तूंचे दुकान थाटले. निवृत्तीपूर्वीची शेवटची मालिका ‘क्लॅरेन्स’ त्याने बॉब फेरिस या नावाने लिहिली होती. पुढे १९९८ साली मुलगी शार्लट हिच्यासाठी लिहिलेले ‘मम’ हे नाटक मात्र स्वतःच्या नावाने आले आणि समीक्षकांनी ते झोडपले. २००२ साली ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ या चित्रपटातून तो परतला तो चर्चिलचा बटलर होऊन, ट्रे आणि कोट हातात घेऊन मालकाच्या मागे उभा राहणारा. ३ ऑक्टोबर २००५ रोजी तो निवर्तला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची स्मरणप्रार्थना झाली, तेव्हा क्रूसासोबत नेहमी दोन मेणबत्त्या नेण्याचा प्रघात मोडून चार नेण्यात आल्या. त्या वायलीच्या होत्या.