पंगत आणि रांग

माणसे एकत्र राहू लागली की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. जे आहे ते कुणाकुणाला मिळणार, आणि कोणत्या क्रमाने मिळणार? समाजाची नैतिक आणि नागरी मूल्ये ही याच दोन प्रश्नांची पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली उत्तरे आहेत. पहिल्या उत्तराचे रूप पंगतीत दिसते, दुसऱ्याचे रांगेत. पंगतीत सगळे एकाच पातळीवर, एकाच वेळी बसतात आणि वाढणारा कुणाचेही पान चुकवत नाही. रांगेत ओळखपाळख, जात, पैसा यांपैकी काहीही चालत नाही. आधी आला त्याचा नंबर आधी. पंगतीला जिव्हाळा लागतो, रांगेला न्याय लागतो. कोणताही समाज या दोहोंवर उभा असतो, आणि तो किती सुसंस्कृत आहे हे पंगतीत कुणाला बसू दिले जाते आणि रांग मोडणाऱ्याला कोण अडवते यावरून कळते.

नांदेड आणि लातूर हे मराठवाड्याचे शेजारी जिल्हे. गोदावरी आणि मांजरेच्या काठचा हा प्रदेश दुष्काळाने, भूकंपाने आणि सामाजिक संघर्षाने अनेकदा पोळला आहे. त्यामुळे सहजीवनाची मूल्ये इथे पुस्तकापेक्षा प्रसंगातून अधिक शिकली गेली.

सावड, इर्जिक आणि येळवस

कोरडवाहू शेतीत एकट्या कुटुंबाचे भागत नाही. एकाच बैलाचा धनी असलेला शेतकरी दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशी सावड करतो. दोघांचे बैल मिळून जोडी होते. आज एकाचे रान, उद्या दुसऱ्याचे. खुरपणीला बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबतात. एखाद्याची नांगरट मागे पडली तर इर्जिक घातली जाते. गावातले शेतकरी आपापली औते घेऊन येतात, एका दिवसात रान उलथून देतात आणि ज्याचे काम झाले तो सर्वांना जेवू घालतो. या व्यवहारात लेखी करार नसतो, पैशांची देवघेव नसते. असते ती शब्दाची किंमत. सावडीला न आलेल्या माणसाला कुणी दंड करत नाही, पण पुढच्या पेरणीला त्याच्या शेताकडे कुणी फिरकत नाही. विश्वास आणि परतफेड ही मूल्ये इथे पोटापाण्याशी बांधलेली आहेत.

याच शेतीसंस्कृतीतला लातूर आणि धाराशिव भागातला मोठा सण म्हणजे वेळ अमावस्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला ज्वारी कंबरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते. डोक्यावर आंबिलाचे बिंदगे घेऊन घरचे लोक शेताकडे निघतात. ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेले आंबील, शेंगाभाज्या आणि बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. लातूर शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात, कारण ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतात जेवायला बोलावलेले असते. शेजारी, कार्यालयातले सहकारी, दुकानदार, मुस्लिम मित्र, बदलून आलेले अधिकारी असे सगळे एकाच झाडाखाली बसतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचे, ही रीत आहे. पीक घरी येण्याआधीच ते वाटून खायला शिकवणारा हा सण आहे.

पंगतीचा विस्तार

नांदेडला गोदाकाठी तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हा गुरुद्वारा आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ मध्ये याच ठिकाणी देह ठेवला आणि आपल्यानंतर ग्रंथसाहिबलाच गुरू मानण्याची आज्ञा दिली. या परंपरेत ‘संगत’ आणि ‘पंगत’ हे शब्द जोडीने येतात. एकत्र भजन करायचे आणि एकत्र जेवायचे. लंगरमध्ये जमिनीवर सरळ ओळीत बसावे लागते. पोळी दोन्ही हात पसरून घ्यायची असते. देणारा आणि घेणारा यांच्यात उपकाराची भावना राहू नये, हा त्यामागचा भाव. भांडी घासणे, जोडे सांभाळणे, फरशी पुसणे ही कामे सेवा म्हणून केली जातात आणि त्यांत धनिकालाही कमीपणा वाटत नाही. श्रमाची प्रतिष्ठा आणि अन्नातली समता ही दोन मूल्ये इथे रोज, तिन्ही त्रिकाळ आचरली जातात.

या विचाराचे धागे मराठवाड्याच्या मातीतही आहेत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, आणि नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबमध्ये आहेत. १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना झाली तेव्हा पुढे आलेल्या पाच जणांपैकी, म्हणजे पंचप्याऱ्यांपैकी, साहिबचंद हे नांदेड आणि लातूरला लागून असलेल्या बिदरचे, नाभिक समाजातले होते. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यापासून जवळ असलेल्या कल्याणमध्ये (आजचे बसवकल्याण) बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही तत्त्वे मांडली. कायक म्हणजे प्रामाणिक कष्टाने मिळवणे, दासोह म्हणजे मिळवलेले समाजाला वाटणे. लातूर जिल्ह्यातील लिंगायत समाजात हे शब्द आजही बोलण्यात येतात. तीन वेगवेगळे पंथ, पण तिघांचा आग्रह एकच: माणसाचे मोल जन्मावर ठरू नये.

पंगतीबाहेर ठेवलेले

हा आग्रह धरावा लागला, कारण वास्तव उलटे होते. गावाची एकी पुष्कळदा वेशीच्या आतच संपत असे. सावड होती, पण ती बहुधा बरोबरीच्यांत होती. पाणवठे वेगळे होते, वस्त्या वेगळ्या होत्या, लग्नाच्या मांडवात पंगतीही वेगळ्या बसत. ज्या रिवाजाने एका माणसाला आधार दिला, त्याच रिवाजाने दुसऱ्याला दूर ठेवले. परंपरेतून आलेली सगळीच मूल्ये न्याय्य नसतात. ती पारखून घ्यावी लागतात.

हे पारखणे किती कठीण होते, हे १९७८ ने दाखवले. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. याच जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जिवे मारण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शेजारधर्म, माणुसकी, गावकी हे शब्द वापरणाऱ्या समाजात शेजाऱ्याचेच घर पेटते, तेव्हा ते शब्द काही लोकांपुरतेच होते हे उघड होते. ‘आपला’ या शब्दात कोण कोण बसते, ही प्रत्येक मूल्याची खरी कसोटी आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी आपल्या व्याख्यानांतून आणि ‘जागर’सारख्या पुस्तकांतून परंपरा पारखण्याचा हाच प्रश्न धरून ठेवला. धर्म, इतिहास आणि परंपरा यांविषयी आदर असूनही त्यांची बुद्धीने चिकित्सा करता येते, हे त्यांनी मराठवाड्यातल्या तरुणांच्या दोन पिढ्यांना दाखवले. चिकित्सा हेही एक नागरी मूल्य आहे. ते नसेल तर चांगल्या रूढी आणि वाईट रूढी एकाच भावाने विकल्या जातात.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, लोक थकून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड धाबे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. किल्लारी आणि सास्तूर परिसरात हजारो माणसे दगावली. पहिली मदत आजूबाजूच्या गावांनी केली: हातांनी ढिगारे उपसले, भाकऱ्यांची गाठोडी पाठवली, सामुदायिक चिता रचल्या. बघ्यांच्या गर्दीने मदतीचे रस्ते अडले, हेही तेव्हा घडले. संकटात माणुसकी आणि बेपर्वाई एकाच वेळी वर येतात. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले; परक्याच्या लेकराची जबाबदारी घेण्याचे हे मोठे उदाहरण आहे.

त्यानंतरचा प्रश्न न्यायाचा होता. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. नवे घर किती मोठे असावे? पुनर्वसनात हे जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. ज्याचे जेवढे गेले त्याला त्या प्रमाणात द्यावे, हा एक न्याय. ज्याची गरज जास्त त्याला जास्त द्यावे, हा दुसरा न्याय. दोन्हींच्या बाजूने युक्तिवाद आहे, म्हणून असा निर्णय चर्चेशिवाय होऊ नये. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. भिंत कशी बांधायची, सरकारी पैसा कसा येतो, हे त्या घरोघरी समजावत. ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, त्या बायका अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या.

घागरींची रांग

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहर टँकरवर आले. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोचली; पुढे ५० वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. सव्वातीनशे किलोमीटरहून दूरच्या कृष्णाकाठचे पाणी लातूरकरांच्या घागरीत आले. ‘आपला’ या शब्दाची कक्षा त्या उन्हाळ्यात मिरजेपर्यंत वाढली.

गल्लीत मात्र सगळी मदार रांगेवर होती. टँकर केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून लोक घागरी, कळश्या, डबे ओळीने मांडून ठेवत. माणूस घरी असला तरी त्याची घागर त्याच्या जागी उभी असे. शेजारच्या घागरीला हात न लावणे, एवढ्यावर ती रांग टिकून होती. घागर पुढे सरकवणे ही दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण एकाने केली की सगळे तेच करणार, आणि मग दांडग्याला पाणी मिळून म्हातारीची घागर रिकामी राहणार. कायदा, कर, वाहतुकीचा सिग्नल, मतदान या सगळ्यांमागे हेच गणित आहे. प्रत्येकाने थोडी कळ सोसली की सर्वांचे निभते. त्याच वर्षी लोकवर्गणीतून मांजरेच्या पात्रातला गाळ काढण्याचे काम उभे राहिले. कमी पाण्याची रांग चालवण्याइतकेच पाणी वाढवण्यासाठी झटणेही गरजेचे असते.

प्रजेचा नागरिक

मराठवाड्यात नागरिकत्वाचे वय फार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने लोटले तरी इथला माणूस प्रजाच होता. साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागत असे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि असंख्य अनाम लोकांच्या लढ्याने तो नागरिक झाला. प्रजा आज्ञा पाळते. नागरिक हक्क मागतो आणि त्याबरोबर जबाबदारीही उचलतो.

संविधानाने स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि न्याय ही मूल्ये सर्वांसाठी एकच ठेवली, अस्पृश्यता कायद्याने संपवली. १९७६ मध्ये अनुच्छेद ५१-क द्वारे मूलभूत कर्तव्ये आली. सलोखा वाढवणे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे, निसर्ग आणि सार्वजनिक मालमत्ता जपणे, वैज्ञानिक दृष्टी वाढवणे ही त्यांपैकी काही. २००२ मध्ये मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य जोडले गेले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, भावकीचे तंटे समोरासमोर बसवून सामोपचाराने मिटवणे हा तिचा हेतू. पण गावाचे एकमतही अन्यायी असू शकते. म्हणून वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. गावाने तंटा मिटवावा, पण कुणाला तोडू नये, अशी ही जोड आहे.

मूल्ये रुजतात कशी

मूल्ये पाठ करून येत नाहीत. ती सवयीने येतात. मूल घरात पाहते की आई कामाला येणाऱ्या बाईला कोणत्या कपात चहा देते. शाळेत पाहते की पोषण आहाराच्या ओळीत सगळे शेजारी शेजारी बसतात की नाही. एसटीत पाहते की म्हाताऱ्या माणसाला कोण जागा देते. ग्रामसभेत बाई बोलायला उभी राहिली की लोक ऐकतात की चुळबुळ करतात, हेही ते पाहते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. खुर्ची कायद्याने मिळाली, तिच्यावरून बोललेला शब्द ऐकून घेण्याची सवय समाजाने लावून घ्यायची आहे.

येळवसच्या कोपीपाशी अनोळखी माणसाला हाक मारणारा शेतकरी, लंगरात भांडी घासणारा व्यापारी आणि शेजारच्या घागरीला हात न लावणारी तहानलेली बाई एकच गोष्ट करत असतात. समोरच्याचा वाटा ते आपल्या वाट्याइतकाच खरा मानतात. सहजीवनाची सगळी मूल्ये या एका मानण्यातून निघतात.