चढावरची टिकटिक

पनवेलहून खोपोलीकडे जाणारा जुना रस्ता ज्यांनीं मालानें भरलेल्या गाडींतून तुडविला आहे, त्यांना बोरघाटाचा पायथा येतांच कान टवकारण्याची संवय असते. सपाटीवर गाडीचे सारे दोष झांकून जातात. घाट मात्र कोणाचीच भीड धरीत नाहीं. १९९३ च्या श्रावणांत आमच्या भगिनीच्या घरच्या पिकअपनें त्या चढावर जो आवाज काढिला, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. ज्यांच्या घरीं अशी जुनी पेट्रोलची गाडी अजून जपून ठेविली आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. इतरांनीं ती एका विद्यार्थ्याच्या उत्साहाची गोष्ट म्हणून वाचावी.

भगिनीचे यजमान त्या वर्षीं अर्धांगवायूनें अंथरुणास खिळले होते. पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती आणून लोणावळें व पुणें येथें पोहोंचविणें हा त्यांचा मोसमी व्यवसाय. त्या एका महिन्याच्या प्राप्तीवर घराचें अर्धें वर्ष निभावत असे. विलिज जीपच्या घराण्यांतील चार सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन असलेली त्यांची पिकअप जुनी खरी, पण तिनें कधीं दगा दिला नव्हता. भाचा तेव्हां अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत होता. मिस्त्रीचे पैसे वांचवावे म्हणून त्यानें एका रविवारीं अंगणांत गोणपाट पसरून सारी डागडुजी स्वतःच उरकली. नवे प्लग घातले, डिलकोंतील सीबी पॉइंट व कंडेन्सर बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, तेल बदललें. सेल्फ मारतांच गाडी पूर्वीपेक्षां चपळ चालूं लागली. "मामा, ऐका तरी आवाज!" असें तो अभिमानानें म्हणाला, आणि मींहि कांहीं न समजतां त्याची पाठ थोपटली.

पहिल्या खेपेस मी त्याच्या शेजारीं बसलों होतों. खोपोली मागें पडली, चढ लागला, भाच्यानें अॅक्सिलरेटर दाबला, आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यांत खिळे हलवावे तशी बारीक, कोरडी टिकटिक सुरू झाली. पाय उचलला कीं ती थांबे. दाबला कीं पुन्हां सुरू. पाण्याचा कांटाहि हळूहळू वर सरकूं लागला. अखेर पहिल्या गिअरमध्यें, हलक्या पायानें, वाटेंत दोनदां थांबून आम्ही खंडाळा गांठला. मूर्ती सुखरूप पोहोंचल्या. पण अजून सात खेपा उरल्या होत्या.

घरीं परततांच जो तो निदान सांगूं लागला. शेजारच्या गृहस्थांनीं बेअरिंग गेल्याचा निकाल दिला. दुसऱ्या एकानें गाडी भंगारांत घालावी असें सुचविलें. भगिनी कांहींच बोलली नाहीं, आणि त्या न बोलण्यानेंच भाच्याचें तोंड उतरलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इंजिनाचा प्रत्येक ठोका एकाच रोगाचा नसतो. टॅपेट सैल असले तर त्यांची टकटक गाडी उभी असतांनाहि चालू राहते. बेअरिंग झिजलें तर आवाज जाड, खोल व दणक्याचा येतो. भार पडतांच उमटणारी आणि भार उतरतांच नाहींशी होणारी बारीक टिकटिक मात्र पोलादावर पोलाद आपटल्याची नव्हे. ती ज्वलनाची आहे. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरांत क्रमानें पसरावी लागते. ती पसरत असतांना दूरच्या कोपऱ्यांतील न जळलेलें मिश्रण दाबलें जातें व तापतें. तें प्रमाणाबाहेर तापलें तर ज्योत येण्याची वाट न पाहतां एकदम पेट घेतें, आणि त्या धक्क्यानें सिलिंडरच्या भिंती घणघणतात. पिस्टनच्या माथ्यावर गरम वायूपासून रक्षण करणारा जो पातळ थर असतो, तो या धक्क्यांनीं विस्कटतो आणि सारी उष्णता धातूंत शिरते. हें दुखणें अंगावर काढलें तर शेवटीं पिस्टनला भोंक पडतें. आमच्या सात खेपांचा प्रश्न तो हाच होता.

हा आवाज इंजिनइतकाच जुना आहे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं मोटारीसाठीं बॅटरीची ठिणगी प्रचारांत आणली, तेव्हां या ठोक्याचें खापर त्यांच्याच यंत्रावर फुटलें. त्यांच्या कंपनीचें नांव डेल्को. आपले मिस्त्री ठिणगी वांटणाऱ्या त्या डब्याला आजहि 'डिलको' म्हणतात, तें तेथूनच आलेलें. केटरिंग यांनीं शोधाचें काम थॉमस मिजली या तरुणावर सोंपविलें. इंधनाला लाल रंग दिला तर तें उष्णता लवकर शोषील, अशी एक वेडगळ कल्पना त्याच्या मनांत आली. १९१६ सालीं रंग हाताशीं नव्हता म्हणून त्यानें आयोडिन घातलें, आणि ठोका खरोखरच कमी झाला! पुढें दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर कांहीं परिणाम नाहीं. म्हणजे कल्पना चुकीची, पण वाट बरोबर लागली. त्या वाटेनें १९२१ सालीं शिसें मिसळण्याचा उपाय सांपडला. त्याची किंमत मोठी पडली. १९२४ सालीं न्यू जर्सींतील एका कारखान्यांत शिशाच्या विषानें पांच कामगार दगावले, तरीहि जगभर तें पेट्रोलांत पडतच राहिलें. भारतांत सर्वत्र शिसेंविरहित पेट्रोल व्हावयास २००० सालाचा फेब्रुवारी उजाडावा लागला.

असो. आम्हीं प्रथम पेट्रोलावरच संशय घेतला. त्या काळीं साधें पेट्रोल ८७ ऑक्टेनचें असे, आणि त्यांत रॉकेलची भेसळ होण्याची ओरडहि सर्वत्र होती. रॉकेल मिसळलें कीं इंधनाची ठोका सोसण्याची शक्ति झपाट्यानें घटते. म्हणून टांकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचें पेट्रोल भरलें आणि मूर्ती न घेतां, वाळूचीं पोतीं टाकून, कर्नाळ्याच्या चढावर परीक्षा घेतली. वाटेंत शिरढोण लागतें, वासुदेव बळवंतांचें जन्मगांव. एरवीं मी भाच्याला तेथें थांबवून दोन शब्द सांगितल्याशिवाय राहत नाहीं. त्या दिवशीं दोघेहि गप्प होतों. चढ आला आणि टिकटिक जशीच्या तशी!

मग मीं त्याला एकच प्रश्न विचारला : रविवारच्या आधीं हा आवाज होता काय? नव्हता. तर दोष रविवारीं हात लावलेल्या वस्तूंतच शोधला पाहिजे. तो एकेक काम आठवून सांगूं लागला, आणि सीबी पॉइंटपाशीं येतांच स्वतःच अडखळला. नवे पॉइंट बसवितांना सोय व्हावी म्हणून त्यानें सबंध डिलको बाहेर काढला होता. परत बसविल्यावर टायमिंगची खूण न पाहतां, इंजिन जेथें सर्वांत जलद व गोड चालेल तेथें त्यानें तो फिरवून आवळला. ही चूक भलीभलीं माणसें करतात. इंजिन रिकामें चालत असतांना ठिणगी जितकी लवकर पडेल तितकें तें बराच वेळ खूषच दिसतें. भार पडल्यावर मात्र तीच लवकर पडलेली ठिणगी वर येणाऱ्या पिस्टनपुढें दाब व उष्णता वाढवून ठेवते. शिवाय पॉइंटमधील फट नुसती वाढविली, तरी ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढें सरकतें. म्हणून आधीं फट, मग टायमिंग, असाच क्रम ठेवावा लागतो.

संध्याकाळीं आम्हीं प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर अंगठा धरला आणि हँडल फिरविलें. अंगठ्याला दाब लागला, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत वर येत होता. मग पुलीवरची पांच अंशांची खूण नेमकी समोर आणली. कॉइलच्या डिलकोकडील तारेपासून बॉडीपर्यंत बाराव्होल्टी दिवा जोडला. पॉइंट मिटलेले असतां दिवा विझलेला राहतो. ते उघडतात त्या क्षणीं पेटतो. तो या खुणेवर पेटावयास हवा होता, पण आधींच पेटून बसला होता. मागें फिरवून पाहिलें, तर ठिणगी पंधरा अंशांच्या आसपास पडत होती! डिलको सैल करून हळूहळू फिरविला, दिवा नेमका खुणेवर पेटूं लागला, आणि भाच्यानें बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशीं कर्नाळ्याच्या चढावर बहुतेक आवाज गेला. बहुतेक म्हणतों, कारण तिसऱ्या गिअरमध्यें पूर्ण पाय दिला कीं अजून किंचित टिकटिक उठे. भाचा म्हणाला, "एवढें चालेल, मामा." मला तें पटेना. प्लग काढून पाहिले, तर त्यांचें पांढरें चिनीमातीचें टोंक करडें-तपकिरी असावयाचें तें खडूसारखें फटफटीत. म्हणजे मिश्रणांत हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाच्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले. ते आंत ओढले गेले, आणि तेवढ्यापुरता इंजिनाचा वेग बदलला. धुण्याकरितां काढलेला कार्बोरेटर जुन्याच फाटक्या गॅस्केटवर बसविला होता. नवें गॅस्केट दुकानांत मिळालें तें चहाच्या दोन कपांच्या किंमतींत.

आतां पेट्रोल पूर्वीपेक्षां चांगल्या ऑक्टेनचें आहे, पण त्यांत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल ठोका चांगला सोसतें खरें. तथापि त्याला जळण्यास हवा कमी लागते, त्यामुळें शुद्ध पेट्रोलासाठीं लावलेल्या कार्बोरेटरचें मिश्रण वीस टक्के इथेनॉलवर पातळ होतें. जुनी गाडी जपणाऱ्यांनीं प्लगचा रंग अधूनमधून पाहत जावा. रबराच्या जुन्या नळ्याहि या इंधनानें लवकर खराब होतात.

पुढची खेप पहांटे निघाली. खोपोली सोडली, गिअर उतरले, भाच्यानें पाय पूर्ण दाबून धरला. इंजिनाच्या घरघरीखेरीज कांहीं ऐकूं आलें नाहीं. शिंग्रोबाच्या देवळापाशीं त्यानें गाडी उभी केली, खाली उतरून एक नाणें ठेविलें, आणि इंजिन बंद न करितां बॉनेटला कान लावून बराच वेळ तसाच उभा राहिला. मागें गवतांत बसविलेल्या मूर्तींवरचा ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानें फडफडत होता. तो मींच उतरून बांधला.