यात्रेची गाडी आणि मागचे आसन

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की उपनगरांतील जैन कुटुंबांत यात्रेचे बेत रंगू लागतात. बोरिवली-अंधेरीची मंडळी अहमदाबाद महामार्गाने पालिताण्याकडे निघतात. मुलुंड-घाटकोपरची कुटुंबे नाशिकच्या वाटेने गजपंथा आणि मांगीतुंगीला जातात. कोणी कोल्हापूरच्या रस्त्याने कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेतात. घरात वृद्ध आहेत, लहान मुले आहेत, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे आहे, उकळलेले पाणी सोबत हवे आहे. अशा कुटुंबाला स्वतःचे स्वयंपाकघर आणि झोपायची सोय असलेली गाडी फार मोलाची वाटते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून या कल्पनेला अधिक बळ मिळाले आहे.

अशी गाडी तयार करून घेताना ओटा कुठे, पाण्याची टाकी किती लिटरची, पडदे कोणत्या रंगाचे, यांवर घरात भरपूर चर्चा होते. मात्र गाडी धावत असताना आजी, सून आणि नातवंडे नेमकी कशावर बसणार, आणि ते आसन जमिनीला कशाने धरलेले असणार, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. वास्तविक तो सर्वांत आधी यायला हवा.

चारोटीची शिकवण

४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी एक मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे दोघे मागच्या आसनांवर होते. दोघेही मृत्युमुखी पडले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागील दोघांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हाच सांगितले होते. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वच प्रवाशांना बेल्ट सक्तीचा असल्याचे जाहीर केले. नियम मात्र नवा नव्हता. पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनीही बेल्ट लावावा, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८व्या नियमात आधीपासूनच होती.

तो रस्ता बोरिवलीच्या प्रत्येक यात्रेकरूच्या परिचयाचा आहे. त्या मोटारीत मागे उत्तम प्रतीची आसने आणि बेल्ट होते; ते वापरले गेले नाहीत, एवढेच. घरगुती पद्धतीने बदललेल्या गाडीत तर वापरायला खरा बेल्टच नसतो. असला तरी तो ज्या पत्र्याला अडकवलेला असतो, तो पत्रा धक्क्यात टिकेल याची खात्री कोणी दिलेली नसते.

साठ किलोचा माणूस, दीड टनाचा धक्का

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतील माणसाला बसणारा आघात साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. अर्ध्या मीटरच्या अंतरात शरीर थांबले, तर ६० किलो वजनाच्या माणसाला धरून ठेवण्यासाठी दीड टनाहून अधिक वजनाइतका जोर लागतो. मांडीवरच्या १० किलोच्या बाळालाही त्या क्षणी अडीचशे किलोहून अधिक जोराने धरावे लागेल. कोणत्याही आईच्या हातांत तेवढे बळ नसते.

म्हणून बेल्टची चाचणी कठोर असते. चालक धरून नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीसाठी आंतरराष्ट्रीय नियमानुसार तीन बिंदूंच्या बेल्टच्या खांद्याच्या भागावर सुमारे १३५० किलो आणि कमरेच्या भागावर तेवढीच ओढ एकाच वेळी दिली जाते. बेल्ट आसनालाच जोडलेला असेल, तर आसनाच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपट ओढ त्यात मिळवतात. तीन जणांच्या बाकाची चाचणी तिघांची ओढ एकत्र लावून होते, म्हणजे आठ टनांहून अधिक. एवढ्या ओढीने बोल्ट तुटता कामा नये आणि तळाचा पत्रा फाटून बोल्ट वर येता कामा नये.

चूक कुठे होते

सर्वसाधारण कारागीर गाडीतील मूळ आसने काढून टाकतो, तळावर प्लायवूड घालतो, त्यावर लाकडी पेटी ठोकतो आणि वर गादी बसवतो. दिवसा बाक, रात्री पलंग, आत सामान, अशी ही रचना दिसायला सुबक असते. परंतु ती फर्निचर आहे, वाहनाचे आसन नव्हे. घडी होणाऱ्या बाकाच्या बिजागऱ्या झोपणाऱ्याचे वजन पेलतात, टकरीचा जोर पेलत नाहीत. ब्रिटनमध्ये अशा पलंग-आसनांची ओढ-चाचणी घेण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने.

बेल्टचे दुखणे आणखी खोल आहे. कारखान्यातून आलेल्या मोटारीत खांद्याचा पट्टा खिडकीशेजारच्या मजबूत खांबाला जोडलेला असतो. नवे बाक भलत्याच जागी बसवले, तर तिथे खांबच नसतो. मग कमरेपुरता पट्टा लावून वेळ निभावली जाते, किंवा बाजूच्या पातळ पत्र्याला भोक पाडले जाते. पाठीतच पट्टा बसवलेली आसनेही मिळतात, पण त्यांत सर्व जोर तळावर येतो. साध्या वॉशरवर कसलेला बोल्ट तिथे पुरत नाही. तळाखाली जाड पोलादी पट्टी आणि चॅसिसच्या आडव्या तुळईचा आधार लागतो. त्यातच पावसाळ्याचा ओलावा प्लायवूडखाली साचून पत्रा गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही.

भिंतीला लागून समोरासमोर ठेवलेले आडवे बाक गप्पांना छान, परंतु धावत्या गाडीत घातक. टकरीत शरीर बाजूला फेकले जाते आणि पट्टा पोटात रुततो. चालत्या गाडीत पलंगावर झोपलेल्या आजींना तर काहीच धरून ठेवत नाही. प्रवासात सर्वांनी पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसावे. बाक आणि पलंग गाडी उभी राहिल्यावर वापरावेत.

सामानाचेही तेच. पाच किलोचा डबा वा कुकर टकरीच्या क्षणी शंभर किलोहून अधिक जोराने पुढच्याच्या डोक्यावर येऊ शकतो. कपाटांना कड्या हव्यात आणि जड वस्तू तळाशी बांधलेल्या हव्यात. गॅसची टाकी पक्क्या पट्ट्यात उभी असावी आणि प्रवासात बंद असावी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. परवानगीबाहेरच्या बदलासाठी कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चौदा वर्षांखालील मूल बेल्ट वा बाल-आसनाविना नेल्यास कलम १९४ब नुसार एक हजार रुपये दंड आहे.

सरळ मार्गही उपलब्ध आहे. राहण्याच्या सोयीच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, आणि वाहन नोंदणीत मोटार कॅराव्हॅन व कॅम्पर व्हॅन असे स्वतंत्र वर्ग आहेत. या मानकानुसार मंजुरी मिळालेल्या निर्मात्याकडून गाडी घेतली की आसनांची संख्या, त्यांची जागा आणि बेल्ट कागदावर येतात. चाचणीसाठी लांब जावे लागत नाही; १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातच आहे. जुन्या गाडीत बदल करायचा असल्यास काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत, म्हणजे अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंड-घाटकोपरकरांसाठी वडाळा येथे, लेखी विचारणा करावी. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा; नोंद नसलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

व्यापारी माणूस माल घेताना वजन, प्रत आणि बिल पाहूनच पैसे मोजतो. गाडी बांधून घेतानाही पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात.

१. कंपनीने बसवलेली मागील आसने मूळ जागी ठेवून त्यांच्या मागे ओटा आणि पलंग बसवता येतो का? बहुतेक कुटुंबांसाठी हाच सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त पर्याय आहे.
२. नवे आसन असल्यास त्याचे आणि बेल्टच्या जोडणीचे चाचणी-प्रमाणपत्र कोणत्या गाडीच्या तळासाठी आहे? एका गाडीवर मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्या गाडीला लागू होत नाही.
३. प्रत्येक प्रवाशाला तीन बिंदूंचा बेल्ट आणि डोक्यामागे आधार आहे का?
४. तळाखालील पट्ट्या आणि बोल्ट यांची छायाचित्रे प्लायवूड घालण्यापूर्वी मिळतील का?
५. आर. सी. वर जितकी आसने नोंदलेली असतील, तितकीच गाडीत असतील का? आणि यात्रेला तितकीच माणसे निघतील का?

पाचवा प्रश्न कारागिराला नव्हे, घरच्यांना विचारायचा आहे. आठ आसनांच्या गाडीत अकरा जण कोंबले, तर उत्तमोत्तम बेल्टही तिघांना उपयोगी पडत नाही. अशा वेळी दुसरी गाडी भाड्याने घ्यावी, किंवा काही मंडळींनी रेल्वेने पुढे जावे.

आपल्याकडे चालताना पायाखाली पाहण्याला जयणा म्हणतात. मुंगीसाठी पाऊल थांबवणाऱ्या घराने स्वतःच्या नातवंडांना लाकडी पेटीवर बसवून महामार्गावर नेऊ नये. कार्तिकी पौर्णिमेला अजून अवकाश असेल, तर आसनांचे कागद आताच मागवावेत आणि पडद्यांचा रंग नंतर ठरवावा.